परळीचा धूर परळीच्याच कातळात मुरवता येईल का?

प्रयोगवही

नमस्कार. मी परळी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या पटांगणातून औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि वर्गातील निम्म्या मुलांच्या घरचे कोणी ना कोणी थर्मलमध्ये कामाला आहे, त्यामुळे हवामानबदलाचा धडा आमच्याकडे पुस्तकापुरता राहत नाही.

गेल्या महिन्यात मी मुलांना आइसलँडमधील कार्बफिक्स प्रकल्पाविषयी सांगितले. तेथे हेल्लिसहेइदी येथील भूऔष्णिक केंद्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसाल्ट खडकात सोडतात. २०१२ साली केलेल्या पहिल्या प्रयोगात चारशे ते आठशे मीटर खोलीवर सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे दोन वर्षांच्या आत दगडात रूपांतर झाले, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले आहे. हे ऐकल्यावर नववीतील एका मुलीने विचारले, "बाई, आपला काळा दगडही बेसाल्टच आहे ना? मग आपल्या थर्मलचा धूर आपल्याच दगडात का मुरवत नाहीत?"

मला उत्तर देता आले नाही. दख्खनचा पठारी खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे, हे मी दरवर्षी शिकवते. परंतु हा खडक खरोखर वायू साठवू शकेल का, आणि साठवू शकत असेल तर अडते कोठे, हे मला माहीत नाही. तिला "खर्च फार येतो" एवढेच सांगून गप्प बसवणे मला योग्य वाटत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

काळापाषाण

मॅडम, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. मी भूजल सर्वेक्षणाच्या कामात मराठवाड्यात अनेक वर्षे काढली असून विंधन विहिरींतून निघालेले दगडाचे नमुने हाताळण्यातच माझा बराचसा काळ गेला, त्यामुळे खडकापुरते मी खात्रीने बोलू शकतो.

रसायनशास्त्र तिच्या बाजूने आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की ते पाणी आम्लधर्मी होते, ते बेसाल्टमधील खनिजे हळूहळू विरघळवते, त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह मोकळे होते आणि याच धातूंशी वायूचा संयोग होऊन कार्बोनेट खनिजे तयार होतात. आपल्या बेसाल्टमध्ये हे तिन्ही धातू भरपूर आहेत. वाळूच्या खडकात साठवलेला वायू दीर्घकाळ वायूच राहतो आणि त्यावर अभेद्य थराचे झाकण लागते. बेसाल्टमध्ये तो दगडच होऊन बसतो, म्हणून जगभरच्या भूशास्त्रज्ञांचे लक्ष दख्खनकडे लागलेले आहे.

अडचण सुरू होते ती खडकाच्या वयापासून. आइसलँडचा बेसाल्ट तरुण आहे, त्यातील पोकळ्या मोकळ्या आहेत आणि पाणी त्यातून सहज वाहते. आपला खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून ज्या पोकळ्या तयार झाल्या, त्यांतील बऱ्याचशा नंतरच्या काळात पांढऱ्या खनिजांनी भरून गेल्या. विहीर खोदताना काळ्या दगडात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, ते हेच. मुलांना एक प्रयोग करू द्या. असा दगड फोडून त्यातील पांढऱ्या ठिपक्यांवर शाळेच्या प्रयोगशाळेतील विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकेक थेंब टाका. जो ठिपका फसफसेल तो कॅल्साइट, म्हणजे निसर्गाने पूर्वीच दगडात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड. जो फसफसणार नाही तो बहुधा झिओलाइट नावाचे दुसरे खनिज किंवा गारगोटी.

दुसरी गोष्ट जाडीची. दख्खनचे थर पश्चिमेला सह्याद्रीत सर्वांत जाड असून पूर्वेकडे पातळ होत जातात. कोयना परिसरात खोल छिद्रे घेतली तेव्हा सुमारे साडेबाराशे मीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागला. किल्लारीला मात्र बेसाल्टची जाडी अवघी ३३८ मीटर निघाली. परळीच्या खाली नेमकी किती आहे, हे खोल छिद्र घेतल्यावाचून सांगणे बरोबर नाही, पण ती कोयनेपेक्षा बरीच कमी असणार.

जाडी इतकी महत्त्वाची का, तेही सांगतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वॉलुला येथे २०१३ साली सुमारे हजार टन कार्बन डायऑक्साइड पाण्यात न विरघळवता, थेट दाबाखाली कोलंबिया नदीच्या बेसाल्टमध्ये सोडण्यात आला, आणि दोन वर्षांनी काढलेल्या नमुन्यांत अँकेराइट या कार्बोनेट खनिजाच्या गाठी सापडल्या. तो खडक आपल्या दख्खनशी पुष्कळ मिळताजुळता आहे, म्हणून मला तो प्रयोग आइसलँडपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. परंतु थेट वायू सोडायचा तर तो द्रवासारखा दाट राहावा लागतो, त्यासाठी ३१ अंशांहून अधिक तापमान आणि वातावरणाच्या त्र्याहत्तर पटींहून अधिक दाब हवा, आणि एवढा दाब साधारण आठशे मीटरच्या खालीच मिळतो. ३३८ मीटर जाडीच्या खडकात ही पद्धत चालणार नाही.

उरते ती आइसलँडची पद्धत, म्हणजे पाण्यात विरघळवून सोडण्याची. ती कमी खोलीवर चालते, पण एक टन वायूला सुमारे पंचवीस टन पाणी लागते. हिशेब करून पाहू. परळीचे २५० मेगावॉटचे तीन संच पाऊण क्षमतेने वर्षभर चालले, तर सुमारे पंचेचाळीस लाख टन कार्बन डायऑक्साइड निघेल. त्याला पंचवीसने गुणले की सव्वाअकरा कोटी टन पाणी होते, म्हणजे जवळजवळ चार टीएमसी. पुण्याच्या खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा दोन टीएमसीहूनही थोडा कमी आहे. २०१३ आणि २०१५ साली पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते, हे आपल्याला मी सांगायला नको.

न्यायाने बोलायचे तर हे पाणी सगळेच्या सगळे खर्ची पडत नाही. त्याच खडकातून उपसून त्यातच परत सोडता येते. पण त्यासाठी खडकाला तेवढे पाणी देता आणि घेता आले पाहिजे. आपल्याकडे एका शेतात दोनशे फुटांवर पाणी लागते आणि बांधाच्या पलीकडे पाचशे फूट जाऊनही धूळच निघते, हे मराठवाड्यातील प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. आइसलँडमध्ये समुद्राचे पाणी वापरून पाहण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते यशस्वी झाले तर कोकण किनाऱ्याचा विचार करता येईल. परळीला त्याचा उपयोग नाही.

राखबंधारा

काळापाषाण सरांनी जमिनीखालचे सांगितले, मी जमिनीवरचे सांगतो. औष्णिक केंद्राच्या बॉयलर विभागात एकतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो.

मॅडम, मुलांना आधी हे समजावे की चिमणीतून बाहेर पडतो तो केवळ कार्बन डायऑक्साइड नसतो. त्या धुरात त्याचे प्रमाण बारा ते चौदा टक्के असते. उरलेला बहुतेक नायट्रोजन असतो, शिवाय पाण्याची वाफ, थोडा ऑक्सिजन, गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कितीही गाळली तरी थोडी राख असतेच. सगळा धूर दाबून जमिनीत घालता येत नाही, त्यातून आपला वायू निवडून काढावा लागतो. त्यासाठी धूर थंड करून उंच मनोऱ्यात खालून सोडतात आणि वरून अमाईन या रसायनाचे द्रावण पावसासारखे पाडतात. अमाईन वायूला धरून ठेवते. मग ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन सुमारे १२० अंशांपर्यंत तापवले की वायू सुटतो आणि द्रावण पुन्हा कामाला येते.

मेख आहे ती या तापवण्यात. त्याला लागणारी वाफ टर्बाइनच्या तोंडचीच काढून घ्यावी लागते. त्यात वायू वातावरणाच्या शंभर पटींहून अधिक दाबापर्यंत दाबण्यासाठी लागणारी वीज मिळवली, तर संचाची पाचवा ते चौथा हिस्सा वीज केंद्रातच खर्च होते. म्हणजे ग्राहकाला आज मिळते तेवढीच वीज द्यायची असेल, तर त्या प्रमाणात अधिक कोळसा जाळावा लागेल, अधिक राख निघेल आणि अधिक पाणी लागेल. राखेच्या बंधाऱ्याशेजारच्या गावांतील माणसांनी उन्हाळ्यातल्या वाऱ्याच्या दिवशी काय सोसले आहे ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून ही "अधिक राख" माझ्यासाठी कागदावरचा आकडा नाही.

गंधकाचेही तसेच. धुरातील सल्फर डायऑक्साइड अमाईनशी पक्का संयोग करून ते निकामी करतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड पकडण्याआधी गंधक काढणारी यंत्रणा हवीच. आपल्या देशातील पुष्कळशा संचांवर ती अजून बसलेली नाही. घराचा पाया घालण्याआधी माळ्याचा विचार करण्यासारखे हे होईल.

कॅनडातील सस्काचेवान प्रांतात बाउंड्री डॅम येथे २०१४ साली कोळशाच्या एका संचावर ही यंत्रणा बसवली गेली. दरवर्षी दहा लाख टन वायू पकडण्याचे उद्दिष्ट होते, पण राखेमुळे आणि अमाईन खराब होण्यामुळे प्रत्यक्षातील आकडा अनेक वर्षे त्याच्या बराच खाली राहिला. तेथील अभियंत्यांना मी दोष देत नाही, त्यांनी पहिल्यांदा केलेले काम होते. पण कोळशाच्या वीजकेंद्राला हे ठिगळ लावण्यापेक्षा तोच पैसा सौरऊर्जा, साठवण आणि पारेषणाच्या तारांवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. थर्मलवर पोट भरलेल्या माणसाला हे लिहिणे सोपे नाही.

तेरणाकाठ

मी औसा तालुक्यातील आहे. वर किल्लारीचे नाव आले म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी आठ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते आणि घरातील मोठी माणसे दमून झोपली होती. त्या पहाटेविषयी अधिक लिहीत नाही; भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यात आमच्या भावकीतील होती. आमच्या भागात भूकंप होऊच शकत नाही, असे तोपर्यंत सगळे जण समजत होते. आता कोणी म्हणेल की तुमच्या जमिनीत दाबाने वायू सोडतो आणि काही होणार नाही, तर त्यावर आम्ही विश्वास कसा ठेवावा?

दुसरी भीती वायूची. आमच्याकडे जुन्या विहिरीत किंवा आडात गाळ काढायला उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही, कारण तळाशी जड हवा साचलेली असते. साठवलेला वायू कोठून फुटून बाहेर आला आणि सखल भागात साचला, तर कंदील कोण सोडून पाहणार? हे प्रश्न मी विरोधासाठी विरोध म्हणून विचारत नाही, मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

उत्तरवारा

तेरणाकाठ, आपण विचारलेले दोन्ही प्रश्न या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने रोज स्वतःला विचारले पाहिजेत. मी मूळची सांगलीची, रासायनिक अभियंता असून गेली बारा वर्षे नॉर्वेत राहते. उत्तर द्यायला थोडे मागे जावे लागेल.

नॉर्वेने १९९१ साली समुद्रातील तेल आणि वायू उद्योगावर कार्बन कर लावला. उत्तर समुद्रातील स्लाइपनर क्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत सुमारे नऊ टक्के कार्बन डायऑक्साइड होता आणि विक्रीयोग्य वायूत तो अडीच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नव्हता, म्हणून तो काढावाच लागे. काढलेला वायू हवेत सोडला तर कर भरा, किंवा समुद्रतळाखाली पुरा, असा सरळ व्यवहार होता. १९९६ पासून तो समुद्रतळाखाली आठशे ते हजार मीटरवरील उत्सिरा या वाळूच्या खडकात सोडला जातो. सुरुवातीची बरीच वर्षे दरवर्षी दहा लाख टनांच्या आसपास अशा गतीने, आजवर दीड कोटी टनांहून अधिक वायू तेथे गेला आहे. कंपनलहरींच्या साहाय्याने खडकाच्या प्रतिमा ठराविक वर्षांनी पुन्हा पुन्हा घेतल्या जातात आणि वायू कोठवर पसरला ते त्यांत दिसते; वरच्या झाकणातून तो निसटलेला नाही.

मात्र सगळीकडे असे सुरळीत झाले नाही. नॉर्वेतच उत्तरेकडे स्नोव्हिट येथे २००८ साली वायू सोडायला सुरुवात झाली आणि खडकातील दाब अपेक्षेपेक्षा वेगाने वाढू लागला. २०११ साली तो थर सोडून दुसऱ्या थराकडे वळावे लागले. अल्जीरियातील इन सलाह येथे वायू सोडल्यामुळे वरची जमीन उपग्रहाला दिसेल एवढी उचलली गेली आणि २०११ साली काम थांबवले गेले. दाब वाढला की जुन्या भेगा सरकू शकतात हे सर्वमान्य शास्त्र आहे. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेला भूकंप जलाशयामुळे उद्दीपित झालेल्या भूकंपांतील जगातील सर्वांत मोठ्यांपैकी एक मानला जातो. म्हणून माझे उत्तर असे की किल्लारी आणि कोयना या दोन्ही परिसरांत दाबाने वायू सोडण्याचा विचारही करू नये, आणि अन्यत्र करायचा तर आधी काही वर्षे भूकंपमापके बसवून खालच्या भेगा नकाशावर आणाव्यात.

वायू फुटण्याची भीती खडकापेक्षा नळांबाबत अधिक खरी आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात सटार्शिया गावाजवळ फेब्रुवारी २०२० मध्ये पावसाने दरड सरकली आणि कार्बन डायऑक्साइडची वाहिनी फुटली. वायू सखल भागात पसरला, ऑक्सिजनअभावी मोटारींची इंजिने बंद पडली, सुमारे दोनशे लोकांना हलवावे लागले आणि पंचेचाळीस जणांना रुग्णालयात न्यावे लागले. कोणी दगावले नाही, पण आपला कंदील किती शहाणपणाचा आहे, हे त्यातून दिसते. वस्तीजवळून अशी वाहिनी न्यायची असेल तर गावाला आधी सांगणे, वायूमापक बसवणे आणि सराव घेणे ही पहिली अट असली पाहिजे.

राखबंधारा काकांशी मी कोळशापुरती पूर्ण सहमत आहे. पण सिमेंटची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहू द्या. चुन्याच्या भट्टीत चुनखडी भाजून चुनकळी करतात, तेव्हा शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो चुनकळी हाती येते आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. तो इंधनातून आलेला नसतो, दगडातून आलेला असतो. उद्या भट्टी पूर्णपणे सौरविजेवर चालवली तरी तो निघणारच. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग असा चुनखडीतून येतो. जुन्या वाड्यांचा चुन्याचा गिलावा हवेतील हाच वायू परत शोषून वर्षानुवर्षे कठीण होत जातो आणि काँक्रीटही तो थोडाफार शोषते, पण भट्टीतून गेला त्यातील काही हिस्साच असा परत येतो.

मी राहते तेथून जवळ ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात २०२५ साली वायू पकडण्याची यंत्रणा सुरू झाली. ती वर्षाला चार लाख टन, म्हणजे कारखान्याच्या उत्सर्जनाचा साधारण निम्मा भाग पकडण्यासाठी बांधली आहे, आणि तापवण्यासाठी लागणारी बरीचशी उष्णता भट्टीच्या वाया जाणाऱ्या धुरातूनच घेतली जाते. निम्माच का, याचे उत्तर त्यातच आहे: वाया जाणारी उष्णता तेवढीच होती. पकडलेला वायू थंड करून द्रवरूपात जहाजाने पश्चिम किनाऱ्यावरील ओयगार्डन येथे नेतात आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटरच्या वाहिनीने समुद्रतळाखाली २६०० मीटर खोल सोडतात. या सगळ्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला, हे लपवून चालणार नाही. त्यामुळे महाराष्ट्रात याचा विचार व्हायचाच असेल, तर तो परळीच्या थर्मलऐवजी चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना-गडचांदूरच्या सिमेंट भट्ट्यांपासून व्हावा, असे मला वाटते.

काळापाषाण

उत्तरवारा ताई, सिमेंटचा मुद्दा पटला. केवळ एवढे जोडतो की त्या भट्ट्या दख्खनच्या पूर्व काठावर, चुनखडी आणि कोळशाच्या खडकांत आहेत. वायू तेथे पकडला तरी बेसाल्टच्या जाड भागापर्यंत किंवा समुद्रापर्यंत तो कित्येक शे किलोमीटर न्यावा लागेल. वाहिनीचा प्रश्न, म्हणजेच तेरणाकाठ यांचा कंदील, पुन्हा समोर येतो.

प्रयोगवही

सर्वांचे मनापासून आभार. तेरणाकाठ दादा, आपण लिहिलेले मी वर्गात वाचून दाखवले. मुले बराच वेळ गप्प होती.

शनिवारी आम्ही प्रयोग केला. शाळेमागे नवीन विहिरीचे काम चालू आहे, तेथील ढिगाऱ्यातून मुलांनी अठ्ठावीस दगड आणले आणि प्रत्येक दगडातील पांढऱ्या ठिपक्यांवर आम्लाचे थेंब टाकून नोंदी केल्या. पाच दगडांतले ठिपके जोरात फसफसले. बाकीच्या तेवीसमधले पांढरे, काही फिकट गुलाबी ठिपके तसेच राहिले. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने आता नवा प्रश्न काढला आहे: दगडात जागा आणि कॅल्शियम दोन्ही होते, मग सगळीकडे कॅल्साइट का झाले नाही?

काळापाषाण

मॅडम, तिला सांगा की तिने या विषयातील एका खऱ्या कूटप्रश्नावर बोट ठेवले आहे. ते गुलाबी आणि न फसफसणारे ठिपके बहुधा स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट, म्हणजे झिओलाइट आहेत, आणि त्यांनाही कॅल्शियमच लागते. खडकातून मोकळे झालेले कॅल्शियम कोणाच्या वाट्याला जाईल, हे पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती विरघळला आहे, तापमान किती आहे आणि पाणी किती आम्लधर्मी आहे यांवर ठरते. पाण्यात वायू कमी असेल तर झिओलाइट आणि चिकणमातीची खनिजे पुढे जातात, कॅल्शियम अडवतात आणि भेगाही बुजवतात. बाहेरून वायू सोडला तर दख्खनच्या खडकात कोणते खनिज आधी तयार होईल आणि भेगा बुजण्याआधी किती वायू आत जाईल, हे या खडकातच खोल छिद्र घेऊन, थोडा वायू सोडून, दोन-तीन वर्षांनी नमुने काढून पाहावे लागेल.

ते पाच दगड जपून ठेवा आणि प्रत्येकावर विहिरीतील किती खोलीवरचा आहे ते लिहा. विहीर खोदणाऱ्यांना विचारले तर लाल गेरूच्या थराच्या वरचा की खालचा, एवढे तरी ते नक्की सांगतील.